न चाखलेला रस्सा

माझ्या सासूच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी हे रागाने म्हणते, पण खोटं म्हणत नाही. आम्ही बसतो त्या कॉफीच्या दुकानात सकाळी पाच-सहा गाड्या लागतात. कोपऱ्यात आमची कोळंबी नूडल्सची, शेजारी करी नूडल्सवाला अंकल सून, दारात चार क्वे त्याव, म्हणजे रुंद नूडल्स, परतणारे दोघे भाऊ आणि मोरीच्या बाजूला लाक्सावाली गाइक सिम आंटी. सासूच्या कानावर काही पडलं की आमच्या टोपाला उकळी येईपर्यंत ते रस्त्यापलीकडच्या मासळीबाजारात पोचलेलं असतं. तिथून पुढे अख्ख्या पिनांग बेटावर.

मागच्या वर्षी मला दिवस गेले होते. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोटातलं बाळ मानी असतं. आपला गाजावाजा झाला की ते रुसतं आणि आल्या वाटेने निघून जातं. मी विश्वासाने एकट्या सासूला सांगितलं. तिने त्याच सकाळी कॉफीवाल्याला सांगितलं, गाइक सिमला सांगितलं आणि गिऱ्हाइकांच्या वाडग्यात वर दोन कोळंब्या जास्तीच्या घालून त्या कशाबद्दल हेही सांगितलं. आठवडा झाला नाही तोच सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, यात कुणाचाच दोष नसतो. पण मन ऐकतं का? मी सासूला टाकून बोलले नाही. तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले, एवढंच.

आता परत दिवस राहिले होते. दुसरा महिना चालू होता. मला आणि माझ्या नवऱ्याला, बून तातला, सोडून कुणाला पत्ता नव्हता. मी त्याला देव्हाऱ्यापुढे उभं करून शपथ घातली होती की आईपुढे चुकूनही तोंड उघडलंस तर मी माहेरी इपोहला निघून जाईन. तो बापडा आईसमोर बसला की घास तोंडात धरूनच ठेवायचा.

आणि नेमके त्यात नऊ देवांचे दिवस आले.

चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या या नऊ दिवसांत आमच्याकडे पांढरे कपडे घालतात, मांसमच्छी, कांदा-लसूण सोडतात. जे शाकाहारी विकतात त्या गाड्यांवर पिवळी निशाणं लागतात. दरवर्षी आम्ही गाडी बंदच ठेवायचो. पण यंदा रस्त्यापलीकडे कोळंबी नूडल्सची नवी गाडी लागली होती, स्टीलची चकाचक, वर रंगीत दिवे. सासू म्हणाली, नऊ दिवस आपण बंद ठेवलं तर आपलं गिऱ्हाईक तिकडे जाऊन बसेल आणि मग तिकडचंच होऊन जाईल. गाडी चालू राहील. माझं व्रतही राहील. कोळंबी हाताला चालेल, जिभेला नाही.

मी म्हटलं, ठीक. मग ती देव्हाऱ्याकडे वळली, उदबत्त्या कपाळाला लावल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "या वर्षीचं व्रत नातवंडासाठी आहे. नऊ दिवस रस्सा तू चाखायचास."

नेमकं तेच मला जमणार नव्हतं. कारण माझी जीभच ठिकाणावर नव्हती. दिवस राहिल्यापासून तोंडात सारखी नाणं चोखल्यासारखी चव. भात खाल्ला तरी नाणं, पाणी प्यायलं तरी नाणं. वास मात्र दुप्पट येत होता. आणि आमचा रस्सा म्हणजे काय? कोळंबीची डोकी आणि सालं तेलात लाल होईस्तोवर परतायची, कुटायची, डुकराच्या हाडांबरोबर रात्रभर शिजवायची. पहाटे झाकण काढलं की तो वास असा अंगावर यायचा की मी दाराची कडी धरून उभी राहायचे.

नवऱ्याला चाखायला सांगावं तर तो कोळंबीवाल्या घरात जन्मून कोळंबी न चालणारा. चमचाभर पोटात गेलं तर अंगभर गांधी उठतात. सासरे तर माझ्या लग्नाआधीच गेलेले. दुसऱ्या गाडीवाल्याला चाखायला बोलवायचं, तर ते आमच्यात कुणी करत नाही. गिऱ्हाइकाआधी शेजाऱ्याची जीभ टोपाला लागली की धंद्याला दृष्ट लागते म्हणतात. राहिले मी.

बरं, मापाने करावं तर सासूच्या रश्शाला मापच नाही. कोळंबी रोज वेगळी येते. कधी गोड, कधी मचूळ, कधी बर्फात फार दिवस राहिलेली. ती पहाटे चमचाभर रस्सा तोंडात घोळवते, डोळे मिटते, मग मीठ, मग खडीसाखर, मग मिरचीचं वाटण, परत घोळवते. तिचा हात थांबला की रस्सा झाला. मी तिला एकदा मापं विचारली होती. ती म्हणाली, समुद्राला विचार.

पहिल्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे घालून ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी चमचा तोंडाला लावला. नाणं. मी तिच्यासारखे डोळे मिटले, थोडं मीठ घातलं, परत चाखल्यासारखं केलं, साखर घातली. ती म्हणाली, "कसा?" मी म्हटलं, "रोजच्यासारखा." एवढं खोटं मी शाळेतही बोलले नव्हते.

त्या दिवशी मला वाचवलं चेगुंनी. चेगु म्हणजे आमचे देवराजन गुरुजी. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शाळेत गणित शिकवलं, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, मलय भाषेत चेगु. रोजचा पहिला वाडगा त्यांचा. बोलायचे कमी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसले. त्यांनी पहिला घोट घेतला, थांबले आणि बाजूची मिरची ओढून घेतली. म्हणजे रस्सा फिका. मी पळत जाऊन टोपात वाटण आणि मीठ वाढवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरचीला हात लावला नाही, वाडगा उचलून तळापर्यंत प्यायले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. असे चार दिवस मी त्यांच्या भुवया वाचून गाडी चालवली.

पण हे किती दिवस चालणार? रविवार तोंडावर आला होता. त्या रविवारी देवळाची मोठी मिरवणूक असते. ज्यांचं व्रत नसतं ते सगळे बायकापोरं घेऊन आमच्या बाजारात खायला येतात आणि त्या गर्दीत चेगुंचा चेहरा दिसणारसुद्धा नाही. मला माझी जीभ परत हवी होती. म्हणून शनिवारी गर्दी ओसरल्यावर मी ठरवलं, आपल्याला पाठ असलेल्या चवी एकेक खाऊन बघायच्या. काय कळतं, काय कळत नाही, निदान अंदाज येईल.

आधी दारातल्या भावांकडे गेले. त्यांच्या रुंद नूडल्स मी लग्न होऊन आल्यापासून खात होते. चरबीत परतलेल्या, शिंपल्या घातलेल्या, थोड्या करपलेल्या. ताटली पुढे आली, चरबीचा वास नाकात गेला आणि मी तोंडावर हात धरून मागच्या गटाराकडे पळाले. परत येऊन सांगितलं, फोन आला होता. मग अंकल सूनकडची करी. नारळाचं दूध तेवढं कळलं, पुढे नाणंच. तो विचारत होता, आज तिखट कसं झालंय? मी म्हटलं, झकास. तो म्हणाला, आज मी तिखट घालायचं विसरलोय, म्हणून विचारतोय. हसला आणि कामाला लागला. मला हसू आलं नाही.

शेवटी गाइक सिम आंटीकडे गेले. खरं तर लाक्सा मला कधी आवडला नव्हता. बांगड्याचा आंबट रस्सा, वर पुदिना, काकडी, अननस आणि तो काळा गुळचट कोळंबीचा अर्क. मी त्याला मांजराचं जेवण म्हणायचे, तिच्या तोंडावर. पण पहिला घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चव होती. चिंच चिंचेसारखी लागत होती, मासा माशासारखा. किती दिवसांनी मला काहीतरी नीट लागलं होतं. मी मान वर न करता वाडगा संपवला आणि दुसरा मागितला.

दुसरा अर्धा झाला तेव्हा कळलं, आंटी हातातलं काम सोडून माझ्याकडे बघतेय. माझ्याकडे नाही, वाडग्याखालच्या ताटलीकडे. मी भान नसताना दोन्ही वाडग्यांतले अननसाचे तुकडे वेचून कडेला ठेवले होते. पोटुशीने अननस खायचा नाही, मूल राहत नाही, हे माझ्या आईने मला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं. बोटांनी आपलं आपण वेचलं होतं.

"अननसाने तुझं काय घोडं मारलंय?" आंटीने विचारलं.

मी म्हटलं, दात आंबतात. ती म्हणाली, दोन वाडगे चिंच प्यायलीस तेव्हा नाही आंबले? आणि तिची नजर ताटलीवरून सावकाश माझ्या पोटाकडे जायला लागली. ती सासूची जिवाभावाची मैत्रीण. तिला कळलं म्हणजे सासूला कळलं, सासूला कळलं म्हणजे बाजाराला. मला मागचं वर्ष आठवलं, ती पाठीतली कळ, ते रक्त. पुढे मी काय केलं ते मलाच कळलं नाही. मी एक अननसाचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि तिच्याकडे बघत चावून गिळला. "हे बघ," म्हटलं, "खाल्ला." ती खांदे उडवून मासे साफ करायला बसली.

घरी पोचले तेव्हा भानावर आले. काय केलं मी हे? लोकांचं तोंड बंद करायला बाळाच्याच जिवावर उठले? बून तात म्हणाला, एका तुकड्याने काही होत नाही, इंटरनेटवर दिलंय. मी म्हटलं, तुझं इंटरनेट बाळंत झालंय कधी? पोटात जरा गुडगुडलं तरी मी उठून बसत होते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी पहाटे अशी उभी होते की कुणी फुंकर मारली असती तर पडले असते. सासू बाहेर खुर्च्या मांडत होती. मी टोपाचं झाकण काढलं, मीठ घातलं, चमचा तोंडाशी नेला आणि वास आला. गटारापर्यंत कशीबशी गेले. परत आल्यावर मिठाचा डबा उघडाच दिसला. मीठ घातलं होतं की घालायचं होतं? आठवेना. रश्शाकडे बघितलं, तो तांबडा दिसत होता, रोज दिसतो तसा. चाखला. नाणं. बाहेर लोकांची रांग लागली होती, सासू हाका मारत होती. मी मूठभर मीठ घातलं आणि डाव फिरवला.

चेगुंनी पहिला घोट घेतला आणि वाडगा हळूच पुढे सरकवला. मिरचीला हात लावला नाही की पाणी मागितलं नाही. कॉफीचा कप जवळ ओढून भिंतीकडे बघत बसले. मग शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठलं. मग एक म्हातारी नातवाला म्हणाली, हे नको पिऊस. मी मागे उभी राहून बघत होते. एकेक वाडगा परत येत होता, नूडल्स खाल्लेल्या, रस्सा काठोकाठ तसाच. रांगेतले दोघे रस्त्यापलीकडच्या दिव्यांकडे बघायला लागले आणि तिकडे चालू पडले.

सासूने मोरीपाशी ते वाडगे पाहिले. तिला चाखायची गरजच नव्हती. तिच्या रश्शाचा थेंब वाडग्यात राहिलेला तिने कधी पाहिला नसेल. ती माझ्याजवळ आली.

"चाखलास?"

"हो."

"माझ्यासमोर चाख."

मी चाखला. मीठ इतकं असणार की तोंड वाकडं व्हायला हवं होतं. मला नाणं लागलं. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "बरा आहे की."

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. वाटलं आता ओरडेल, तिचा आवाज चढला की अंकल सूनसुद्धा गॅस बारीक करतो. पण ती ओरडली नाही. तिने पांढऱ्या सदऱ्याला हात पुसले, गाडीच्या खांबाला लावलेल्या देवाच्या तसबिरीकडे वळली आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. एवढंच ऐकू आलं, माफ करा. मग तिने चमचा घेतला आणि टोपात बुडवला.

मला एकदम सगळं दिसलं. ती व्रत मोडत होती. नातवंडासाठी घेतलेलं व्रत, ज्याच्यासाठी घेतलं ते माझ्या पोटात असताना. देवाला दिलेला शब्द मोडला तर तो कुणाकडून वसूल करतात? आणि तिला थांबवायचं तर एकच गोष्ट सांगावी लागणार होती. ती सांगितली की दुपारपर्यंत बाजारभर. इकडून गेलं तरी बाळ जाणार, तिकडून गेलं तरी बाळ जाणार. चमचा तिच्या ओठांपर्यंत गेला होता.

मी तिचं मनगट धरलं. रस्सा माझ्या हातावर सांडला, चटका बसला, तरी सोडलं नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मा, नका चाखू. तुम्ही देवाकडे जे मागताय ते आलंय. म्हणून मला चव कळत नाही."

ती दगड झाली. चमचा हातात तसाच. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता तो उजळेल, आता ती वळून हाक मारेल, गाइक सिम, ऐकलंस का. तिचे ओठ हलले. आणि ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय म्हणालीस? या पंख्याच्या घरघरीत मला काही ऐकू येत नाही."

आमच्या डोक्यावरचा पंखा चिनी नववर्षापासून बंद पडलेला होता.

तिने चमचा धुऊन टांगला. मग एका वाडग्यात रस्सा घेतला, चेगुंपुढे ठेवला आणि म्हणाली, गुरुजी, माझं व्रत आहे, हिचं पोट बिघडलंय, तुम्हीच सांगा काय झालंय. चेगु गिऱ्हाईक, त्यांच्या जिभेला दृष्टीचा प्रश्न नव्हता. त्यांनी एक घोट घेतला आणि वर्गात बोलायचे तसे म्हणाले, मीठ दुप्पट, साखर निम्मी, मिरची बरोबर. सासूने अर्धा टोप बाजूला काढला, हाडांचं पाणी ओतलं, खडीसाखर टाकली, परत त्यांच्यापुढे नेलं. तिसऱ्या खेपेला ते वाडगा उचलून तळापर्यंत प्यायले. मला तिने ढकलत नेऊन मागच्या स्टुलावर बसवलं आणि हातात अंडी सोलायला दिली.

पण माझा जीव थाऱ्यावर कुठला? गर्दी कमी झाली आणि ती सरळ गाइक सिमच्या गाडीकडे गेली. दोघी डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. सासू हातवारे करत होती. आंटी माझ्याकडे वळून बघत होती आणि मान हलवत होती. मग सासू अंकल सूनकडे गेली, मग त्या भावांकडे. मी अंडी सोलत बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. संपलं. झाली दवंडी. ऐकू आलं नाही म्हणे. इतकी मी भोळी? मी घरी जाऊन बून तातवर तोंडसुख घेतलं, तुझी आई अशी, तुझी आई तशी.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून गाडीवर गेले. गाइक सिम आंटी लगबगीने आली. ती म्हणाली, "अगं, पोटात अल्सर आहे तर सांगायचं नाही का? दोन-दोन वाडगे आंबट खाल्लंस. तुझ्या सासूने काल मला केवढी झापली. यापुढे माझ्याकडे एक घोट मिळायचा नाही तुला."

तेवढ्यात अंकल सून पपईच्या बियांचं औषध सांगायला आला. भावांपैकी धाकटा म्हणाला, आमच्या आत्याला होता, उपाशी राहायचं नाही. मासळीबाजारातून बर्फवाला खास विचारायला आला, अल्सर कसा आहे म्हणून. एका दिवसात माझा अल्सर अख्ख्या बाजारात पोचला होता. सासू कढईतल्या सालांवर झारा आपटत होती, आणि जो येईल त्याला सांगत होती, हावरट आहे हो माझी सून, काही झेपत नाही नि सगळं खायला हवं. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तरीही मला भरवसा वाटेना. आज दम धरलाय, उद्या सुटेल. मी दोन बायका बोलताना दिसल्या की कान टवकारायचे.

त्याच दिवशी दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला प्लास्टिकची पिशवी लटकत होती. लाक्सा. आंटीचा नव्हता, तिच्या पिशवीला लाल सुतळी असते, याला रबर होतं. बहुतेक बंदरापलीकडच्या बाजारातला, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही. सासू तिच्या खोलीत दार लावून झोपलेली, निदान तसं दाखवत होती. मी वाडग्यात ओतला. बांगडा होता, पुदिना होता, काकडी होती. चमचा घालून तळापर्यंत ढवळलं. अननसाचा एक तुकडासुद्धा नव्हता.

मी तिथेच जमिनीवर बसून तो वाडगा संपवला आणि रडले. रोज दुपारी पिशवी यायची. ती एक शब्द बोलायची नाही, मीही नाही. बस बदलून जाते-येते हे मला तिच्या पिशवीतल्या बसच्या तिकिटांवरून कळायचं.

नववा दिवस झाला. देवांची होडी समुद्रात सोडली, गल्लीतली पिवळी निशाणं उतरली. सगळ्यांना मांसाची भूक लागलेली असते. त्या सकाळी अंकल सूनने भाजलेल्या डुकराच्या मांसाची ताटली कौतुकाने सासूपुढे आणून ठेवली. त्या मांसावर तिचा जीव आहे. तिने ताटलीकडे पाहिलं, वास घेतला आणि ती परत सरकवली.

"डॉक्टरने बंद केलंय," ती म्हणाली. "कोलेस्टेरॉल."

गाइक सिम म्हणाली, तू कधी गेलीस डॉक्टरकडे? सासू म्हणाली, तुला सगळं सांगून करते का मी? आणि पुढ्यातला टोफू चावायला लागली. पांढरे कपडे तिने बदलले होते, पण बाकी व्रत तसंच होतं. रस्सा अजूनही चेगुच चाखत होते. त्यांनाही कोलेस्टेरॉलचीच गोष्ट सांगितलेली. बाजारात आता मला अल्सर आणि तिला कोलेस्टेरॉल. लोक म्हणायला लागले, त्या घराला कुणाची तरी नजर लागलीय.

एकदा रात्री मला पाठीत कळ आल्यासारखं झालं. मी उठून बसले तर दाराच्या फटीखाली सावली. ती बाहेर उभी होती. आत आली नाही, विचारलं नाही. कळ थांबली, मी आडवी झाले, मग पावलं हळूहळू परत गेली.

तिसरा महिना पुरा झाला. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. तोंडातलं नाणंही हळूहळू कमी होत होतं. पुढच्या पहाटे मी गाडीवर गेले. सासू चेगुंची वाट बघत टोपापाशी उभी होती. दुकानात कुणी आलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मा, तुम्हाला एक सांगायचंय. मला दिवस गेलेत. तीन महिने झाले."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, माहितेय म्हणेल. पण तिने खरोखरच आत्ता ऐकावं तसं ऐकलं. मग म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिने ओल्या हातांनी माझा चेहरा धरला, कोळंबीचा वास आला आणि मला मळमळलं नाही.

"आता सांगा की सगळ्यांना," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "मागच्या वेळी माझं तोंड नडलं. या वेळी तू सांग, तुला सांगायचं त्याला, सांगायचं तेव्हा."

गाइक सिम आंटी रस्त्यापलीकडून तिची गाडी ढकलत येताना दिसली. सासूने तिच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि टोपाकडे वळली. किती तरी आठवड्यांपूर्वी धुऊन टांगलेला चमचा तिने खाली काढला, तसबिरीपुढे मान लववून व्रत सोडलं, चमचा रश्शात बुडवून तोंडाला लावला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.